पाळीपलीकडचा पीसीओएस



पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं. आणि घरातून सल्ला मिळतो, ‘लग्न झालं की होईल सगळं नीट.’ या सल्ल्यापायी कित्येक मुलींची उपचाराची वर्षं वाया जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. म्हणून हा विशेषांक.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी या विकाराचं वर्णन केलं, तेव्हा लक्ष बीजकोशावर होतं. प्रश्न मात्र साऱ्या शरीराचा आहे. बहुतेकींमध्ये पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. वाढलेलं इन्सुलिन बीजकोशाला जादा अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, बनवायला लावतं. सोबत अनेकींच्या शरीरात मंद दाह धुमसत राहतो. सडपातळ मुलीही यातून सुटत नाहीत.

त्यामुळे या अंकात आम्ही गोळ्यांपाशी न थांबता साखर, रक्तदाब, झोप आणि मन यांचाही विचार केला आहे. वजनावरून कुणालाही दोष न देता. अंक वाचा, लेकीसुनांना द्या, आणि तुमचे अनुभव, शंका, मतभेदही आम्हाला मोकळेपणाने कळवा.

— संपादक