दुही कोणी माजवली? लेऑन ब्लूम आणि १९३६ चा फ्रान्स

१/ १९३६ साली फ्रान्सचे पंतप्रधान झालेले लेऑन ब्लूम यांच्याविषयी एक वाक्य आजही सहज उच्चारले जाते : ‘त्यांनी देशात दुही माजवली.’ ब्लूम यांच्या धोरणांवर वाद घालता येतो, घालावाच. हे वाक्य मात्र तारखांच्या साध्या पडताळणीतही टिकत नाही.

२/ १३ फेब्रुवारी १९३६. राजेशाहीवादी इतिहासकार झाक बँव्हील यांच्या अंत्ययात्रेसाठी पॅरिसच्या बूलव्हार सँ-झेर्मँवर गर्दी जमली होती. संसदेतून परतणाऱ्या ब्लूम यांची मोटार त्या गर्दीत सापडली. ‘आक्सिओं फ्राँसेझ’च्या अनुयायांनी काचा फोडल्या आणि त्रेसष्ट वर्षांच्या या गृहस्थाला रक्तबंबाळ होईपर्यंत मारले. जवळच्या बांधकामावरील मजूर धावून आले, म्हणून प्राण वाचले. त्या दिवशी ब्लूम सत्तेवर नव्हते. निवडणूकही अजून व्हायची होती. त्यांनी केलेला एकही कायदा अस्तित्वात नसताना ही दुही कोठून आली?

३/ उत्तर त्याच संघटनेच्या वृत्तपत्रात आहे. तिचे सूत्रधार शार्ल मोरास यांनी एप्रिल १९३५ मध्येच लिहिले होते की या माणसाला गोळी घालावी, तीही पाठीत. हत्येच्या चिथावणीबद्दल मोरास पुढे तुरुंगात गेले. सुटून वर्ष होते न होते तोच, १९३८ साली, फ्रेंच अकादमीने त्यांना आपले सदस्य निवडले. शैलीचे चाहते आशयाकडे किती सोयीने डोळेझाक करतात!

४/ एप्रिल-मेच्या निवडणुकीत समाजवादी, रॅडिकल व कम्युनिस्ट यांची ‘पॉप्युलर फ्रंट’ आघाडी विजयी झाली. ब्लूम देशाचे पहिले समाजवादी आणि पहिले ज्यू पंतप्रधान ठरले. ६ जून रोजी संसदेत झाविए व्हाला यांनी उद्गार काढले की या प्राचीन गॅलो-रोमन भूमीवर प्रथमच एक ज्यू राज्य करणार आहे. अध्यक्ष एदुआर एरियो यांनी त्यांना समज दिली. व्हाला हे काही गल्लीतले गुंड नव्हते. ते वकील होते, निवडून आलेले प्रतिनिधी होते आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी पाय गमावला होता. अशा माणसाच्या तोंडून आले की द्वेषालाही ‘मत’ म्हणून प्रतिष्ठा मिळते.

५/ सभागृहाबाहेर त्याच सुमारास जवळजवळ वीस लाख कामगार संपावर होते. कारखाने ताब्यात घेऊन ते आत राहत होते आणि अकॉर्डियनच्या सुरांवर नाचतही होते. ७ जूनच्या रात्री मातिन्यों करार झाला : वेतनात ७ ते १५ टक्के वाढ, कामगार संघटनांना मान्यता. पाठोपाठ दोन आठवड्यांची पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा कायद्याने आला. त्या उन्हाळ्यात सवलतीच्या रेल्वे तिकिटावर निघालेल्या अनेक कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. स्त्रियांना मताधिकारही नसलेल्या देशात तीन स्त्रिया उपमंत्री झाल्या. ज्यांना आजवर दाराबाहेर ठेवले होते ते आत आले, आणि आत बसलेल्यांनी यालाच देशाचे तुकडे होणे म्हटले.

६/ ब्लूम यांच्यावर रास्त टीका करण्यासारखे पुष्कळ होते. स्पेनच्या प्रजासत्ताकाला उघड मदत न करण्याचा निर्णय त्यांच्याच समर्थकांना विश्वासघातासारखा वाटला. सप्टेंबरात फ्रँकचे अवमूल्यन करावे लागले. चाळीस तासांच्या नियमाने उत्पादन आखडले, असे अर्थतज्ज्ञ म्हणत. हा विरोध झाला. त्यासाठी कोणाच्या आजोबांचे आडनाव तपासावे लागत नाही.

७/ प्रचाराला मात्र आडनावच हवे होते. ब्लूम यांचा जन्म १८७२ साली पॅरिसमध्ये झालेला असताना ते पूर्व युरोपातून आलेले ‘कार्फुनकेलश्टाइन’ आहेत, अशी आवई उठवली गेली. गृहमंत्री रोजे सालांग्रो यांच्यावर ‘ग्रँग्वार’ साप्ताहिकाने युद्धातून पळाल्याचा आरोप केला. चौकशीत तो खोटा ठरला, संसदेनेही त्यांची बाजू उचलून धरली, तरी शिव्याशाप थांबले नाहीत. नोव्हेंबर १९३६ मध्ये सालांग्रो यांनी आत्महत्या केली.

८/ १० जुलै १९४० रोजी मार्शल पेताँ यांच्या हाती सर्वाधिकार सोपवण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारे ८० प्रतिनिधी होते. ब्लूम त्यांपैकी एक. मार्च १९४१ मध्ये व्हिशी सरकारने ज्यूंविषयीच्या कारभारासाठी स्वतंत्र आयुक्तालय स्थापन केले. पहिले महाआयुक्त : झाविए व्हाला. संसदेतल्या त्या उद्गारापासून या खुर्चीपर्यंतचे अंतर पाच वर्षांहूनही कमी. ब्लूम यांची रवानगी बुखेनवाल्डला झाली. त्यांचे बंधू रने ऑश्विट्झमध्ये मारले गेले.

९/ ब्लूम जिवंत परतले, डिसेंबर १९४६ मध्ये अल्पकाळ पुन्हा पंतप्रधान झाले आणि १९५० साली वारले. कार्फुनकेलश्टाइन मात्र मेला नाही. सुमारे दहा वर्षांनी ‘पती लारूस’ या फ्रान्समधील घरोघरच्या कोशात ब्लूम यांचे खरे आडनाव म्हणून तेच छापून आले, आणि प्रकाशकाला त्या प्रती मागे घेऊन नोंद दुरुस्त करावी लागली.