विश्लेषण : जुन्या फोर्डच्या ‘हॉट रॉड’मध्ये ॲक्सल आणि स्पिंडलची जोडी जमवणे इतके नाजूक का?

अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्यांपासून हॉट रॉड बांधणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. १९२८ ते १९४८ या काळातल्या फोर्डच्या पुढच्या चाकांचे भाग कोणत्याही गाडीचे कोणत्याही गाडीला चालतात, असा तो समज. तो अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्याचा संबंध थेट स्टिअरिंगशी असल्यामुळे त्याकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही.

ही सरमिसळ सुरू का झाली?

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी करून, खाली आणून, जास्त ताकदीच्या इंजिनावर पळवणे. १९३२ मध्ये फोर्डने सामान्यांच्या आवाक्यातले ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आणले आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवर शर्यती लावणाऱ्या तरुणांना हवी ती गाडी मिळाली. वेग वाढला, पण ब्रेक जुनेच राहिले. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९ च्या गाड्यांपासून. त्यामुळे ॲक्सल जुना आणि त्यावर नंतरच्या गाडीचे स्पिंडल व ब्रेक, ही जोडणी रूढ झाली. कल्पना चांगलीच होती. आजही ती चुकीची नाही. चुकते ते न मोजता केलेले काम.

नेमके जुळवायचे काय?

या गाड्यांचा पुढचा ॲक्सल म्हणजे घडवलेल्या पोलादाचा एकसंध दांडा. त्याच्या टोकाच्या भोकात किंगपिन बसते आणि तिच्याभोवती स्पिंडल फिरते. महाराष्ट्रातल्या ट्रक-बसच्या गॅरेजमध्ये हीच रचना रोज उघडली जाते. तिथे स्पिंडलला ‘स्टब ॲक्सल’ म्हणतात.

सुट्या भागांच्या खोक्यावर ‘१९२८-४८’ असे छापलेले असते, ते मुख्यतः किंगपिनच्या जाडीबद्दल. ती साधारण ०.८१३ इंच, म्हणजे पाऊण इंचापेक्षा थोडी जास्त. पण ॲक्सलच्या टोकाची उंची सगळ्या वर्षी एकसारखी नाही, आणि स्पिंडलच्या दोन कानांमधले अंतरही नाही. या अंतरात ॲक्सलचे टोक, त्याखाली वजन पेलणारे थ्रस्ट बेअरिंग आणि शिम एवढे सगळे मावायला हवे. जागा जास्त उरली तर स्पिंडल वर-खाली आपटते, बेअरिंग कुटले जाते आणि ठरावीक वेगाला चाके थरथरू लागतात. जागा कमी पडली तर काहीजण ग्राइंडर घेऊन ॲक्सलचे टोकच घासतात. शिमची चळत रचणे किंवा टोक घासणे याला जुळवणे म्हणता येणार नाही. तो वेळ मारून नेण्याचा प्रकार झाला. शिवाय किंगपिन जागेवर धरणारी खाच ॲक्सलमधल्या लॉक पिनच्या समोर आली नाही, तर पिन ठोकून बसवण्याचा मोह होतो. तिथेच थांबावे आणि कॅलिपर हातात घ्यावा.

बांधून झालेल्या गाडीची परीक्षा सोपी आहे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचे आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिन, बुश किंवा न जुळलेली जोडी.

खाली आणलेला ॲक्सल

गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून ॲक्सलची टोके तापवून, ओढून वर घेण्याची पद्धत जुनी आहे. मग स्टिअरिंगचा आडवा दांडा विशबोनला घासू लागतो आणि स्पिंडलचे हातही वाकवावे लागतात. ते अंदाजाने वाकवले की वळणावर दोन्ही चाकांचे कोन एकमेकांशी बोलत नाहीत आणि टायर घासत जातात. त्यापेक्षा तयार, घडवलेले हात विकत घेणे शहाणपणाचे.

१९३७ मध्ये ६० अश्वशक्तीच्या व्ही-८ बरोबर आलेला नळीचा ॲक्सल दिसायला देखणा. पण विशबोन मधोमध कापून दोन बाजूंना बांधले, की एक चाक खड्ड्यात गेल्यावर ॲक्सलला थोडे पिळावे लागते. आय-आकाराचा दांडा पिळतो, नळी पिळत नाही. ताण जोडांवर येतो. कापलेल्या विशबोनसोबत नळीचा ॲक्सल लावू नये, हे सरळ सांगायला हवे.

राहिला क्रोमचा प्रश्न. मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. मुलाम्यानंतर लगेच भट्टीत भाजण्याची खात्री नसेल तर स्पिंडल रंगवलेलेच बरे. आणि रंगवण्यापूर्वी, पाऊणशे-ऐंशी वर्षे रस्ता खाल्लेल्या त्या तुकड्याची चुंबकीय तडातपासणी करून घ्यावी. तिचा खर्च क्रोमपेक्षा कमीच असतो.