आधी बाजाराला विचारा, मग बँकेत जा

चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातील आपल्या समाजाचे तरुण स्वतःच्या धंद्यात उतरू पाहत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे यातले जे येतात, ते बहुधा बँकेची नोटीस घेऊनच येतात. लेथ मशीन घेतलेले असते, गाळ्याचे डिपॉझिट भरलेले असते. माल कोण घेणार, हे मात्र कुणाला विचारलेलेच नसते. विचारले असेल तर मेव्हण्याला!

मसाले-लोणची करणाऱ्या आपल्या भगिनींचेही तेच. विहारात चव घेऊन ‘छान झालंय’ म्हणणारे सगळे आपलेच असतात. तो बाजार नव्हे. चिंचवडच्या १० दुकानांत ५-५ पाकिटे ठेवावीत, १५ दिवसांनी किती खपली आणि कुणी पुन्हा मागितली का, हे वहीत लिहावे. सुट्या भागांचे काम करायचे असेल तर कारखान्याच्या खरेदी विभागात विचारावे : महिन्याला किती नग लागतात, आज कोण पुरवतो, काय दराने? विजेवरच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही, हे सायलेन्सरच्या जॉबवर्कसाठी कर्ज काढणाऱ्याने आधी पाहायला नको काय? २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. प्रत्यक्षात कधी मिळतात, ते त्याच कारखान्याच्या जुन्या पुरवठादाराला विचारावे.

आपल्या माणसाला याखेरीज आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो व्यवस्थापनाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. बडोद्याची नोकरी सोडून १९१७ साली मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी कंपनी काढली होती. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार. गिऱ्हाईकही येऊ लागले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ते आटले आणि कंपनी बंद पडली. सल्ल्यात खोट नव्हती, मागणीही होती!

खाण्याच्या वस्तूंत हा प्रश्न आजही आडनाव विचारूनच पुढे येतो. म्हणून काही पाकिटांवर मालकाचे नाव छापावे, काहींवर छापू नये, आणि खपातला फरक मोजावा. आडनाव लपवा, असे आम्ही सांगत नाही. ते छापण्याची किंमत किती, हे कर्ज काढण्याआधी ठाऊक असावे, एवढेच. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा झाला आहे. पण गिऱ्हाईक मुकाट्याने शेजारच्या दुकानात वळले, तर फिर्याद कुणावर करणार?

सरकारी गिऱ्हाईकही या पाहणीत धरले पाहिजे. केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे २०१२ चे धोरण आहे. खडकी, देहूरोडचे संरक्षण कारखाने आपल्या उंबऱ्याशी आहेत. त्यांच्या मागच्या वर्षभराच्या निविदा काढून कोणती वस्तू, किती नग, कोणत्या अटी, हे टिपून घ्यावे. मशीन कोणते घ्यायचे, ते त्यानंतर ठरवावे.