दारावरची हिरवी पाटी झाकू नका

मंगल कार्यालयांचे आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक, मंडप-डेकोरेशनवाले, आणि घरच्या कार्यासाठी हॉल ठरवणारी सगळी मंडळी, हे आवाहन तुम्हाला आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे. संकटकाळी बाहेर पडायच्या दारांवरच्या पाट्या आजच तपासा.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. बाल्कनीत धूर भरला, अंधार झाला, जादा बसवलेल्या खुर्च्यांनी वाट अडली होती आणि बाहेरचा रस्ता दाखवणारे दिवे लागलेले नव्हते. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण दगावले, त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. ज्वाळांआधी धूर गाठतो. त्यात दार शोधायला फार थोडा वेळ मिळतो.

म्हणून पाटीचा रंग ही सजावटीची बाब नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत ठळक दिसतो आणि लाल काळवंडतो. शिवाय लाल म्हणजे धोका, थांबा. त्या रंगाकडे पळायला मन धजत नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही या पाटीसाठी हिरवाच रंग सांगितला आहे. तरीही कित्येक जुन्या हॉलमध्ये दारावर लाल इंग्रजी अक्षरे आहेत. लग्नाला येणाऱ्या किती आजी-आजोबांना ती वाचता येतील? त्याऐवजी दाराकडे धावणाऱ्या माणसाचे चित्र लावा. ओसाकामध्ये १९७२ साली एका डिपार्टमेंट स्टोअरच्या आगीत ११८ जण मेल्यानंतर जपानने अशा चिन्हाचा ध्यास घेतला. युकिओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले ते चित्र आज जगभर चालते. सोबत मराठीत ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ लिहा आणि बाण काढा. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांनाही चित्र कळते. फक्त त्यामागचा उजेड भरपूर हवा.

तो उजेड मुख्य विजेवर अवलंबून असेल तर काही उपयोग नाही. जनरेटर सुरू होईपर्यंतचा अंधारच जीवघेणा असतो. पाटीला स्वतःची बॅटरी हवी आणि ती दीड तास टिकायला हवी. हॉल रिकामा असताना मेन स्विच बंद करा आणि पाटी किती वेळ जळते ते घड्याळ लावून बघा. अंधारात चमकणारे स्टिकर स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर आधी पुरेसा उजेड पडलेला नसेल तर ते चमकत नाहीत. काळोख्या बोळातल्या जिन्यात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. धूर आधी छताशी साचतो आणि वरची पाटी झाकून टाकतो, म्हणून जमिनीलगतही बाण आणि पट्ट्या लावा.

डेकोरेशनवाल्या बंधूंना हात जोडून विनंती आहे. पाटीवरून पडदा सोडू नका, समोर फुलांची कमान उभी करू नका, त्या दारापाशी हिरव्या एलईडीच्या माळा तर मुळीच नकोत. हिरव्या गर्दीत पाटीचा हिरवा हरवतो. नाटकवाल्यांनो, प्रवेश बदलताना काळोख बिघडतो म्हणून पाटीवर काळा कागद चिकटवू नका. प्रेक्षकांचा जीव त्या काळोखापेक्षा मोलाचा आहे. पाटीखालच्या दाराला कुलूप असेल तर ती पाटी माणसांना मृत्यूकडे नेते, हेही ध्यानात ठेवा.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. वधू-वरांच्या पालकांनो, जेवणाच्या ताटाचा दर विचारता, तसे हे प्रमाणपत्रही मागा. दिवे मालवून पाट्या दाखवायला सांगा, मागची दारे स्वतः उघडून बघा. व्यवस्थापक टाळाटाळ करत असेल तर आगाऊ रक्कम देऊ नका, दुसरा हॉल बघा.