रंगाआधीची धुलाई

स्वयंपाकघराच्या दाराला रंग काढायचा, तर आधीच पॉलिशपेपर हाती घेऊ नका. फोडणीचा चिकटा तसाच घासला, तर तो ओरखड्यांत बसतो आणि नवा रंग पापुद्र्याने सुटतो. अर्ध्या बालदी कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून दार पुसावे. अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या आधी काढाव्यात, सोड्याने काळवंडतात. मग दोनदा निव्वळ पाण्याने पुसून पुरते वाळू द्यावे. पांढरे फडके फिरवून पिवळट डाग आला, तर पुन्हा सोडा!

घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्षात ९० भागांची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाची कोरडी पूड मुलांच्या पोटात जाणे वाईट. म्हणून वॉटरपेपरने ओलेच घासावे, गाळ ओल्या फडक्याने टिपावा, आणि मुलांना त्या दिवशी मावशीकडे धाडावे.