आरोग्यचर्चा : दशांशचिन्हाचे मोल



आमच्या शेजारचा एक तरुण सध्या पॅरामेडिकचा अभ्यास करीत आहे. औषधांची नावे त्यास मुखोद्गत आहेत. धास्ती आहे ती गणिताची. प्रस्तुत लेखकाची उभी हयात शाळेत गणित शिकविण्यात गेली असल्यामुळे गेल्या आठवड्यात तो वही घेऊन आमच्या घरी आला.

पहिलेच उदाहरण अ‍ॅड्रेनॅलिनचे निघाले. तीव्र अ‍ॅलर्जीने श्वास कोंडू लागल्यास हे औषध मांडीच्या स्नायूत टोचतात. प्रमाण दर किलो वजनास ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १८ किलोच्या बालकास ०.१८ मिलिग्रॅम. येथवर सोपे. परंतु हे औषध दोन तीव्रतांचे असते. एक १:१०००, म्हणजे १००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, अर्थात दर मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. दुसरे १:१०,०००, त्याच्या एक दशांश तीव्रतेचे. हृदय बंद पडल्यास ते शिरेतून देतात. तितकेच औषध पहिल्यातून घ्यावयाचे तर ०.१८ मिलिलिटर, दुसऱ्यातून १.८. घाईत ‘१.८’ एवढेच स्मरले आणि हाती पहिले अ‍ॅम्प्यूल आले, तर बालकाच्या अंगात दहापट औषध जाईल! शिवाय मोठा आकडा दिसला की औषधही अधिक जोरदार, असा उलटा समज होतो. अमेरिकेत २०१६ पासून अशा इंजेक्शनांच्या लेबलांवरून ही गुणोत्तरे काढून टाकली, ते योग्यच झाले.

त्याच्या वहीत ‘.५’ दिसताच मी ‘०.५’ लिहावयास लाविले, आणि ‘५.०’ खोडून नुसते ‘५’ केले. बिंदू पुसट झाला की पाचाचे पन्नास होतात.

मात्र या सर्व हिशेबाचा पाया वजन, आणि ते बहुधा घरच्यांनाच विचारले जाते. ठाऊक नसल्यास मुलाच्या वयात ४ मिळवून दुप्पट करतात. पाच वर्षांच्या मुलाचे १८ किलो. तो अंदाजच. आमच्या पिढीतील कित्येक आजीबाई अद्याप पौंडांत बोलतात. ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलो. धांदलीत नुसते ‘चाळीस’ म्हटले, तर मात्रा दुपटीहून अधिक होईल.

आमच्या घरी टेलिफोनजवळ मागेन दाविद अदोमचा १०१ क्रमांक लिहिला आहे. त्याखाली आता नातवंडांची वजनेही किलोंत लिहून ठेविली आहेत, तारखेसह. धाकट्याचा आकडा कालच खोडावा लागला.