गोळीबरोबर खुलासाही हवा

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या पोलादनगरीत जुनाट दुखणे घेऊन कामगार दवाखान्यात जातो आणि चिठ्ठीवर नैराश्यावरील गोळी लिहिलेली पाहतो. ‘डॉक्टरांनी आपल्याला वेडा ठरवले’ असे समजून तो ती टाकून देतो.

हा समज चुकीचा आहे. दीर्घ आजारात नैराश्य अधिक आढळते. शिवाय अमिट्रिप्टिलीनसारखे औषध अल्प मात्रेत मज्जातंतूंच्या वेदनांवरही दिले जाते. परंतु हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे, गुण यायला काही आठवडे लागतात व गोळी एकाएकी थांबवू नये अशी सूचना देणे, हे डॉक्टरांचे कर्तव्यच होय.

तितकाच आवश्यक आहे तो कारणाचा शोध. धुळीने फुप्फुसे पोखरली तर मनही खचणारच. तेव्हा मनावर उपचार करून धुळीचा प्रश्न मिटत नाही. सिलिकोसिससारख्या व्यवसायजन्य रोगाची खबर कारखाना निरीक्षकाला देण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याने डॉक्टरांवर घातले होते.

भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ साली शहीद रुग्णालय उभारले आणि अनावश्यक औषधांविरुद्ध लोकशिक्षण केले. त्याच मार्गाने कामगार संघटनांनी आता पुढे यावे. प्रत्येक गोळीचा खुलासा, प्रत्येक जुनाट रुग्णाच्या कामाची नोंद आणि कंत्राटी कामगारालाही तेच उपचार, या मागण्या त्यांनी ठामपणे मांडल्या पाहिजेत.